शून्य ते दहा मिनिटे

मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे निदान झाले की हाती जो कागद येतो, त्यावर गोळ्यांच्या नावांखाली एक ओळ ठरलेली असते: रोज पाऊण तास भरभर चालणे. सल्ला चुकीचा नाही. पण तो ज्यांना मिळतो त्यांतले बरेच जण चार-आठ दिवस उत्साहाने बूट चढवतात, मग कधी पाऊस लागतो, कधी घरी पाहुणे येतात, आणि महिन्याभरात फक्त गोळ्या चालू राहतात. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी विचारले की उत्तर येते, “वेळच मिळत नाही हो.” पाऊण तास निघत नाही म्हणून दहा मिनिटेही राहून जातात. आरोग्याच्या सल्ल्यांमधली ही फार महागात पडलेली चूक आहे असे मला वाटते. गेल्या पंधरा वर्षांतले संशोधन एकत्र ठेवून पाहिले, तर व्यायामातून मिळणाऱ्या फायद्याचा सर्वांत मोठा वाटा अगदी सुरुवातीलाच, काहीच न करणारा माणूस थोडेसे करू लागतो तेव्हा, पदरात पडतो.

आपल्याकडे ‘काहीच न करणारे’ किती आहेत? जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये जगभरच्या देशांचे अंदाज प्रसिद्ध केले. त्यांनुसार २०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ किमान आवश्यक हालचालसुद्धा करत नव्हते. पुरुषांत ४२ टक्के, बायकांत ५७ टक्के. त्याआधी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड इथल्या १४ हजारांहून अधिक लोकांना त्यांच्या हालचालीविषयी विचारले होते. त्यात ५४.४ टक्के निष्क्रिय निघाले, आणि मोकळ्या वेळात खेळ किंवा व्यायाम करणारे दहा टक्केही भरले नाहीत. याच पाहणीच्या २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी निष्कर्षांत देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असल्याचा अंदाज होता, आणि प्रमाण सर्वांत जास्त होते गोव्यात: २६.४ टक्के. इतक्या लोकांना पाऊण तासाचा उपाय सांगून तो त्यांनी केला नाही म्हणून दोष देत बसण्यात अर्थ नाही.

हे अर्ध्या-पाऊण तासाचे माप आले कुठून, हे आधी पाहू. व्यायाम आणि हृदयविकार यांचा संबंध आकड्यांत मांडण्याचे श्रेय जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांकडे जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या वाढत होती आणि कारण कळत नव्हते. मॉरिस यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतले सुमारे ३१ हजार पुरुष कर्मचारी अभ्यासाला घेतले. डबलडेकर बसचा चालक पाळीभर एका जागी बसलेला, आणि त्याच बसचा कंडक्टर तिकिटे फाडत दिवसभर वर-खाली करणारा. कंडक्टरच्या दिवसभरात ५०० ते ७५० पायऱ्या होत. दोघे एकाच थरातले, एकाच शहराची हवा खाणारे, एकाच खात्यात नोकरीला. १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांत चालकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण वर्षाला हजारी २.७ होते, कंडक्टरांमध्ये १.९, आणि आजार झालाच तर लगेच दगावण्याचे प्रमाणही चालकांतच जास्त. टपाल खात्यातही हेच चित्र दिसले. पत्र वाटत फिरणारे पोस्टमन टेबलापाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते. मुंबईत १९३७ पासून बेस्टच्या डबलडेकर धावत होत्या आणि त्यांचे कंडक्टरही तोच जिना चढत-उतरत होते. तशी मोजदाद त्या काळात इथे झाली असती तर फार मोलाची ठरली असती.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या कंडक्टरने कधी ‘व्यायाम’ केलेला नव्हता. एका वेळी दहा-बारा पायऱ्या, मग थोडे उभे राहणे, मग पुन्हा पायऱ्या, असा तो दिवस होता. पुढच्या चाळीस वर्षांत मात्र संशोधनाचा आणि सल्ल्याचा रोख पोशाख बदलून, वेळ राखून केलेल्या व्यायामाकडे वळला. त्यामागेही कारण होते. अमेरिकेत राल्फ पॅफेनबार्गर यांनी हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा आठवड्याला २००० किलोकॅलरी खर्च करणारे पुरुष अधिक जगताना दिसले. ज्या नोकऱ्यांमध्ये शरीर हलत होते त्या कमी होत चालल्या होत्या, म्हणून मोकळ्या वेळातल्या व्यायामावर भर येणे साहजिक होते. १९९५ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी रोज किमान ३० मिनिटांचा सल्ला दिला. पुढे त्याचे आठवड्याला १५० मिनिटे झाले, आणि एका वेळी सलग दहा मिनिटे तरी हालचाल झाली पाहिजे, त्याहून कमी असेल तर धरायची नाही, असा नियमही जोडला गेला. या दहा मिनिटांच्या अटीला भक्कम पुरावा नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात ती अट काढून टाकली आणि प्रत्येक हालचाल धरली जाईल असे स्पष्ट केले. हा बदल आपल्या दवाखान्यांपर्यंत अजून नीटसा पोहोचलेला दिसत नाही.

दहा हजार पावलांची गोष्ट तर याहून नवलाची. हा आकडा कोणत्याही वैद्यकीय अभ्यासातून आलेला नाही. १९६५ साली जपानमधल्या यामासा कंपनीने ‘मानपो-केइ’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक, या नावाने एक यंत्र बाजारात आणले आणि आकडा जगभर रुजला. २०१९ मध्ये आय-मिन ली यांनी १६,७४१ अमेरिकी स्त्रियांच्या कमरेला मापक लावून खरी पावले मोजली. सरासरी वय ७२. दिवसाला २७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४४०० चालणाऱ्यांमध्ये पुढच्या चारेक वर्षांतले मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होते, आणि साडेसात हजारांच्या पुढे जादा फायदा दिसेनासा झाला. २७०० आणि ४४०० मधला फरक म्हणजे साधारण पंधरा-वीस मिनिटांचे चालणे. २०२५ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यातही सात हजारांच्या आसपास बहुतेक फायदा पदरात पडतो असेच दिसते.

‘थोडक्यात किती’ या प्रश्नाला थेट भिडणारा पहिला मोठा अभ्यास तैवानचा. १९९६ ते २००८ या काळात आरोग्य तपासणीला आलेल्या ४,१६,१७५ लोकांची माहिती त्यात होती. ज्यांचा व्यायाम दिवसाला जेमतेम १५ मिनिटे, आठवड्याला ९२ मिनिटे, होता त्यांच्यात काहीच न करणाऱ्यांपेक्षा मृत्यूचा धोका १४ टक्क्यांनी कमी आणि अपेक्षित आयुष्य तीन वर्षांनी जास्त आढळले. त्यापुढच्या प्रत्येक १५ मिनिटांमागे धोका आणखी ४ टक्क्यांनी उतरत होता. पहिल्या पंधरा मिनिटांना १४ आणि दुसऱ्या पंधराला ४, या प्रश्नाचे सार मला तरी याच आकड्यांत दिसते. २०२३ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी १९६ शोधनिबंधांमधली, तीन कोटींहून अधिक लोकांची माहिती एकत्र केली. दिवसाला ११ मिनिटे भरभर चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांमध्ये अकाली मृत्यूचा धोका २३ टक्क्यांनी, हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचा १७ टक्क्यांनी आणि कर्करोगाचा ७ टक्क्यांनी कमी होता.

याहूनही कमी वेळेचा अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. सिडनीचे इमॅन्युएल स्टामाटाकिस आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधले २५,२४१ लोक निवडले, तेही मुद्दाम, आपण कसलाच व्यायाम करत नाही असे सांगणारे. त्यांच्या मनगटावर हालचाल टिपणारे यंत्र आठवडाभर बांधले. कोणी बस पकडायला धावले, कोणी सामानाची पिशवी घेऊन चढण चढले, कोणी नातवंडांमागे पळाले. मिनिट-दोन मिनिटांची ही धाप लागणारी हालचाल यंत्राने पकडली. दिवसातून तीनदा अशी हालचाल होणाऱ्यांमध्ये पुढच्या सुमारे सात वर्षांत मृत्यूचे प्रमाण, अशी हालचाल अजिबात नसलेल्यांपेक्षा, ३८ ते ४० टक्क्यांनी कमी होते. मॉरिस यांचा कंडक्टर जणू सत्तर वर्षांनी यंत्रावर उमटला.

आता शंका. ती घेतलीच पाहिजे, कारण हे सगळे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. जो माणूस बसमागे धावतो तो धावू शकतो म्हणून धावतो. ज्याच्या शरीरात आजार आधीच घर करून बसला आहे तो आपसूकच कमी हलतो. म्हणजे कमी हालचाल हे आजाराचे कारण असेल तसे लक्षणही असेल. ही शंका मॉरिस यांच्या गटालाही होती. १९५६ मध्ये त्यांनी वाहतूक खात्याच्या गणवेशांच्या मापांची नोंदवही काढली, तेव्हा चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर कंडक्टरांपेक्षा मोठा निघाला, आणि हा फरक अगदी तरुण वयातही होता. म्हणजे बसकी नोकरी निवडणारे मुळातच थोडे वेगळे होते. आपल्याच निष्कर्षाला धक्का देणारा पुरावा शोधून तो छापणे, ही त्या पिढीच्या संशोधकांची मोठी शिकवण आहे.

आजचे चांगले अभ्यास पहिल्या एक-दोन वर्षांतले मृत्यू वगळतात, धूम्रपान, वजन, जुने आजार यांचा हिशेब धरतात. तरी शंका पूर्ण फिटत नाही. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला सत्तरीतल्या १५६७ लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटून पाच वर्षे प्रयोग केला गेला. देखरेखीखालच्या व्यायामाने मृत्यू कमी झाले असे आकड्यांत सिद्ध झाले नाही. एक कारण असे की तुलनेसाठी ठेवलेला गटही सरकारी सल्ल्याप्रमाणे भरपूर चालणारा निघाला. म्हणून ‘११ मिनिटांनी २३ टक्के मरण टळते’ असे कोणी छातीठोक सांगितले तर ते मानू नये. टक्केवारीचा आकडा कदाचित काही अंशी फुगलेला असेल. पण फायद्याची दिशा सगळीकडे एकच आहे, आणि ज्या गोष्टी प्रयोगाने तपासता येतात, म्हणजे साखर, रक्तदाब, दम, पायांतली ताकद, तिथे थोड्या हालचालीचा परिणाम थेट मोजलेला आहे. माझा विश्वास जास्त करून या प्रयोगांवर आहे.

त्यांत सर्वांत स्पष्ट पुरावा साखरेचा, आणि तो आपल्या कामाचाही. जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर खर्ची पडण्याची किंवा साठवली जाण्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे स्नायू. स्नायूच्या पेशीत साखर आत घेणारी ‘ग्लुट-४’ नावाची प्रथिने असतात. ती एरवी पेशीच्या पोटात पडून असतात आणि इन्सुलिनचा निरोप आला की पृष्ठभागावर येतात. मधुमेहात हा निरोप नीट पोहोचत नाही. पण स्नायू आकुंचन पावला की हीच प्रथिने इन्सुलिनची वाट न पाहता वर येतात. निरोपाचा रस्ता वेगळा, आणि तो मधुमेहातही बराच शाबूत असतो. त्यामुळे जेवून उठल्यावर मांड्या आणि पोटऱ्या हलल्या की साखरेचा चढ तिथल्या तिथे कमी होतो.

न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने २०१६ मध्ये मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर हे तपासले. दोन आठवडे त्यांना दिवसातून कधीही एकदा ३० मिनिटे चालायला सांगितले आणि दोन आठवडे प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटे. एकूण चालणे सारखेच. जेवणानंतर चालण्याच्या काळात जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. रात्री फरक सर्वांत जास्त, कारण त्या जेवणात पिष्टमय पदार्थ जास्त आणि त्यानंतर बसणेही जास्त. आपल्या घराघरांत रात्री जेवल्यावर शतपावली घालणारी एक पिढी होती. मालिका आणि मोबाइलने ती वेळ खाल्ली. भात, भाकरी, पोळी यांनी भरलेले ताट आणि त्यानंतर थेट सोफा, या दोहोंच्या मध्ये दहा मिनिटे घालणे हा मधुमेहाच्या दारात उभ्या असलेल्या माणसासाठी मला माहीत असलेला सर्वांत स्वस्त उपाय आहे. गॅलरीत, गच्चीवर, सोसायटीच्या आवारात, कुठेही. जेवणानंतर धावायचे नाही. गप्पा मारता येतील अशा चालीने चालायचे.

आपल्या माणसांना याची गरज जास्त का, याचे उत्तर पुण्यात सापडले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे एकत्र छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, दिसायला दोघेही सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त, तीही पोटात. साखर साठवण्याची जागाच लहान. म्हणून “मी कुठे जाड आहे?” हा प्रश्न आपल्याकडे फसवा आहे.

थोड्या हालचालीने मधुमेह लांबतो याचा भारतीय पुरावाही आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने साखर सीमेवर असलेल्या ५३१ जणांवर तीन वर्षे प्रयोग केला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केला. नुसता सामान्य सल्ला मिळालेल्या गटातल्या ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. आहारात बदल आणि रोज अर्धा तास चालणे यांचा नियमित पाठपुरावा झालेल्या गटात ३९.३ टक्क्यांना झाला, आणि मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत ४०.५ टक्क्यांना. दोन्ही एकत्र करूनही जास्त लाभ झाला नाही. या लोकांचे वजन फारसे उतरले नव्हते, तरी फायदा झाला. चालून काटा हलत नाही म्हणून चालणे सोडणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर लक्षात ठेवावा. यात अर्धा तास होता, दहा मिनिटे नव्हे, आणि आहारही होता, हे खरे. पण ज्यांचे काम आधीच अंगमेहनतीचे होते त्यांना आणखी चालायला सांगितले गेले नव्हते, ही त्या प्रयोगातली शहाणी गोष्ट होती.

रक्तदाबाच्या बाबतीत अलीकडची एक नोंद अनपेक्षित आहे. २०२३ मधल्या २७० प्रयोगांच्या आढाव्यात जागच्या जागी स्नायू ताणून धरण्याच्या व्यायामाने वरचा रक्तदाब सरासरी ८ अंकांनी आणि खालचा ४ अंकांनी उतरला, चालण्या-धावण्यापेक्षा जास्त. भिंतीला पाठ टेकवून, गुडघे वाकवून दोन मिनिटे तसेच राहायचे, थोडी विश्रांती, असे चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. प्रत्यक्ष श्रम एकूण आठ मिनिटांचे. श्वास मात्र रोखायचा नाही, कारण त्याने दाब उलट उसळतो. आणि दाब फार चढलेला असेल तर आधी औषधाने खाली आणायचा. गुडघे दुखत असतील तर कमी वाकायचे.

दमाचे म्हणाल तर कॅनडात २०१९ मध्ये २४ बैठ्या तरुणांवर छोटा प्रयोग झाला. निम्म्यांनी दिवसातून तीनदा, मध्ये काही तासांचे अंतर ठेवून, तीन मजल्यांच्या ६० पायऱ्या झपाट्याने चढायच्या, आठवड्यातून तीन दिवस, सहा आठवडे. त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे पाच टक्क्यांनी वाढली. वाढ माफक आहे, पण एका चढणीला लागणारा वेळ अर्ध्या मिनिटाहूनही कमी होता. पुण्यात पर्वतीच्या पायऱ्या रोज सकाळी चढणारे सत्तरीतले लोक पाहिले की या प्रयोगाचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

मनाच्या बाबतीत एवढेच सांगतो: २०२२ मधल्या एका मोठ्या आढाव्यात शिफारशीच्या निम्म्याच हालचालीने नैराश्याचा धोका १८ टक्क्यांनी कमी दिसला, पूर्ण केल्यावर २५. इथेही तोच चढ, सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी.

थोड्या व्यायामाने काय होत नाही, हेही सांगायला हवे. वजन उतरत नाही. पंधरा मिनिटांच्या चालण्यात पन्नास-साठ किलोकॅलरी खर्च होतात; एक वडापाव त्याच्या कितीतरी पट भरतो. वजनाचा प्रश्न ताटातच सोडवावा लागतो. दुसरे म्हणजे, नुसत्या चालण्याने स्नायू फारसे वाढत नाहीत, आणि आपली अडचण तर स्नायूंच्याच कमतरतेची आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, तो भाग आपल्याकडे जवळजवळ कोणीच ऐकत नाही. त्यासाठी जिम लागतेच असे नाही. रिओ दि जानेरोचे क्लॉडिओ जिल अराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांना जमिनीवर बसून उठायला सांगितले आणि हात, गुडघा, कोपर यांचा जितक्यांदा आधार घेतला तितके गुण कापले. दहापैकी तीन किंवा कमी गुण मिळालेल्यांचे पुढच्या काही वर्षांत मरण्याचे प्रमाण आठ किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांच्या पाच-सहा पट होते. ही परीक्षा धोका ओळखण्याची आहे, त्यातून कारण सिद्ध होत नाही. पण पंगतीत मांडी घालून जेवणारी आणि हात न टेकता उठणारी आजी रोज चार-सहा वेळा मांड्यांचा व्यायाम करत होती, आणि डायनिंग टेबल व कमोड आल्यावर तो थांबला, हे खरेच आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन ते संस्थानच्या शाळांत नेले. हात, खांदे, पाठ, मांड्या हे सगळे सतरंजीएवढ्या जागेत हलवणारा प्रकार आपल्याकडे आहे. पाच-सहा नमस्कारांनीही सुरुवात होते.

सगळ्यांनाच जास्त हालचाल हवी, असेही नाही. पहाटे फडात उतरून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून ट्रकवर चढवायच्या आणि रात्री-अपरात्री गाडी आली की पुन्हा भरायला उठायचे, असे महिनोन्महिने राबणाऱ्या माणसाला ‘चालत जा’ म्हणणे क्रूरपणाचे आहे. बाजार समितीतल्या हमालाचेही तसेच. २०१८ मधल्या एका आढाव्यात जड अंगमेहनतीचे काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचे प्रमाण कमी अंगमेहनत करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त आढळले. डेन्मार्कचे आंद्रेआस होल्टरमान याचे कारण असे मांडतात की व्यायामात श्रमानंतर विश्रांती असते, गती आपल्या हातात असते. जड कामात तासन्‌तास वजन उचलल्याने रक्तदाब चढलेलाच राहतो आणि शरीराला सावरायला वेळ मिळत नाही. गरिबीचा वाटाही यात असणारच. या लोकांना विश्रांती, पुरेसे अन्न आणि कमी ओझे हवे आहे.

बायकांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे आणि त्यावर लिहिताना फार थोडे लोक थांबतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवताना आढळल्या, पुरुष ९७. पाच तास राबणारी बाई निष्क्रिय कशी? एक तर प्रश्नावल्यांत घरकाम नीट धरले जात नाही. दुसरे, ओट्यापाशी उभे राहून भाजी चिरण्यात, पोळ्या लाटण्यात दमणूक होते पण श्वास वाढत नाही. पाय आखडतात, कंबर धरते, हृदयाला मात्र काम पडत नाही. ज्या कामांत ते पडते, म्हणजे विहिरीवरून पाणी आणणे, धुणे आपटणे, उकिडवे बसून लादी पुसणे, ती मध्यमवर्गीय घरात यंत्रांकडे किंवा कामाला येणाऱ्या ताईंकडे गेली. म्हणून ओट्यापाशी दिवस काढणारी गृहिणी आणि चार घरची लादी पुसणारी बाई यांना एकच सल्ला देता येत नाही. पहिलीला दिवसातून दोन-तीनदा धाप लागेल असे काही हवे; दुसरीला पाठ टेकायला वेळ हवा. आणि पहिलीला तो वेळ मिळायचा तर जेवणानंतरची भांडी आणि ओटा घरातल्या दुसऱ्या कोणीतरी आवरावा लागेल. रात्रीच्या शतपावलीची दहा मिनिटे बहुतेक घरांत नेमकी तिच्याच आवराआवरीत जातात.

लहान मात्रेने सुरुवात करण्याचे आणखी एक कारण आहे. कधीच न हलणारा माणूस एकदम जोराचे श्रम करतो तेव्हा हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका त्या तासाभरात कित्येक पटींनी चढतो. १९९३ च्या अमेरिकी अभ्यासात आठवड्यातून एकदाही जोरकस श्रम न करणाऱ्यांत तो १०७ पट आढळला, आणि पाच किंवा अधिक वेळा करणाऱ्यांत अवघा २.४ पट. कोणत्याही एका तासातला मूळ धोका फार कमी असतो, म्हणून या आकड्याने घाबरायचे कारण नाही. पण चाळिशीत जिममध्ये नाव घालून पहिल्याच आठवड्यात सगळी वजने उचलायला जाऊ नये, हे त्यातून कळते. आधी काही आठवडे बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्याच वेगाने चालावे, मग एखादा मजला चढावा. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनी व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, उन्हाळ्यात आणखी कमी करावा, असे सांगितले आहे. विदर्भातल्या मे महिन्यात ते जसेच्या तसे लागू पडते.

छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हाताकडे सरकणारी कळ, नेहमीच्या चालीला नवीनच लागणारी धाप, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काही झाले तर तिथेच थांबून डॉक्टर गाठायचे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवायची. आणि मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांनी हिरवळीवर अनवाणी चालण्याचा लोकप्रिय सल्ला अजिबात मानू नये. काचेचा तुकडा रुतलेला कळत नाही आणि पुढे पाय गमावण्याची वेळ येते.

राहता राहिला रस्ता. दहा मिनिटे चालायचे ठरवले तरी कुठे चालायचे, हा आपल्या शहरांत खरा प्रश्न आहे. पदपथावर दुचाकी उभ्या असतात, उघडी झाकणे असतात, दिवे नसतात. पासष्टीतल्या बाईला तिथे पडून खुबा मोडण्याची भीती वाटते आणि ती भीती रास्त आहे. वॉर्ड कार्यालयात पदपथांच्या दुरुस्तीचा अर्ज देणे हेही आरोग्याचे काम समजले पाहिजे. इमारतींचे जिने तर आपल्याच हातात आहेत. बहुतेक सोसायट्यांत लिफ्टसमोर लख्ख उजेड असतो आणि जिन्यात गेलेला बल्ब, चपलांची कपाटे, मोडक्या सायकली आणि कुंड्या. बल्ब बदलणे, कठडा घट्ट करणे, पायऱ्यांच्या कडांना पट्ट्या मारणे आणि अडगळ हलवणे, एवढे सोसायटीच्या पुढच्याच सभेत ठरू शकते, आणि त्याचा खर्च लिफ्टच्या एका महिन्याच्या देखभालीपेक्षा फार जास्त येऊ नये.